घरची पिल्लं

जळगावात खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे म्हणजे आधी घरात समुद्र करावा लागतो. पिंपात फिल्टरचं पाणी भरायचं, त्यात पाकिटातलं मीठ ढवळायचं, पंप लावून ते फिरत ठेवायचं, खारटपणा मोजायचा. उन्हाळा लागला की चिलर लावून तो समुद्र थंड ठेवायचा. वीज गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरही बसला की हातात पुठ्ठा घेऊन टाकीला वारा घालायचा आणि वर बायकोची बोलणी खायची. जहांगीर शेख हे सगळं अगदी हौसेनं करायचा. बाजारात त्याचं माशांचं दुकान होतं. तिथं गोल्डफिश, गप्पी, पोरांच्या वाढदिवसाला द्यायचे काचेचे बाऊल, असला माल चालायचा आणि घर त्यावर चालायचं. पण त्याचा जीव होता तो घरातल्या टाकीत.

त्या टाकीत बंगाईची एक जोडी होती. बोटभर लांबीचे मासे, अंग चांदीचं, त्यावर काळे उभे पट्टे. हा मासा तसा गरीब, पण त्याची एक तऱ्हा आहे. मादी अंडी घालते आणि बाजूला होते, अंडी तोंडात धरतो तो बाप. अंडी फुटून पिल्लं निघाली तरी ती त्याच्या तोंडातच राहतात, पोहण्याजोगी होईपर्यंत. तोवर त्याचं खाणं बंद. समोर काय वाट्टेल ते टाका, तो ढुंकून बघणार नाही. पण जरा बिथरला, कोणी जाळी घातली, की एक तर सगळं थुंकून टाकणार नाहीतर गिळून टाकणार. जहांगीरच्या बायकोने, सलीमाने, त्याचं नाव ठेवलं होतं रोजेदार.

रोजेदाराने आजवर कित्येकदा अंडी धरली होती आणि दर वेळी अर्ध्यातच गिळली होती. जहांगीरने काय काय करून पाहिलं. टाकीला काळा कागद लावला. घरात मिक्सर चालवायला बंदी घातली, तेव्हा सलीमाने पाट्यावर मसाला वाटून त्याला महिनाभर आठवण करून दिली. समुद्रात ही पिल्लं एका गोळ्यासारख्या प्राण्याच्या काट्यांत लपतात म्हणे, तर त्याने काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून तसला खोटा गोळाही करून ठेवला. त्याची मुलगी मंतशा बारावीला होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टाकीसमोर बसायची. कोणता मासा आजारी, कोणता रुसलाय, हे सगळं तिला बापाने शिकवलं होतं, आणि बापाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी पुस्तकातलं वाक्य.

आणि होते ज्ञानेश्वर सर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे, लहर आली की अहिराणीत घुसायचे. दुकानात यायचे ते "काय चालनं भाऊ?" म्हणत, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, या वेळी टिकली का? खाऱ्या पाण्याचे मासे जळगावात जगवणं हीच मोठी गोष्ट, पण पिल्लं काढली तर आपण सगळ्यांना ओरडून सांगू, असं ते म्हणायचे. माणूस मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत होती. टिकली नाही, असं दर वेळी सांगताना जहांगीरला लाज वाटायची. आता यात लाज कसली? मासा गिळतो, माणूस काय करणार? पण हौशी माणसाला हे पटत नाही.

हिवाळ्यात रोजेदाराने पुन्हा अंडी धरली. सलीमा आणि मंतशा नशिराबादला लग्नाला गेल्या होत्या. जहांगीर घरात एकटा, चपलाही दाराबाहेर काढून वावरत होता. आणि एका सकाळी बघतो तर रोजेदाराचा जबडा सपाट, आणि स्वारी खाणं मागत काचेपाशी आलेली. म्हणजे पुन्हा गिळली होती. त्याच दिवशी माल आणायला त्याला मुंबईला जायचं होतं. तिथं घाऊक व्यापाऱ्याकडे एका टाकीत बंगाईची पिल्लं होती, कोणीतरी कुठंतरी वाढवलेली, ठणठणीत. जहांगीर त्या टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग पिशवीभर घेऊन आला.

तेव्हा त्याच्या मनात खोटं बोलायचं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पिल्लं वाढवायचा हात बसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. त्याने ती पिल्लांसाठी म्हणून लावून ठेवलेल्या छोट्या टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी मायलेकी परतल्या. मंतशा बुरखाही न काढता टाकीकडे गेली आणि तिथंच थबकली. "अब्बू," ती म्हणाली, "झाली?"

तिचा चेहरा असा झाला होता की त्याला दुसरं काही बोलवेना. तो म्हणाला, "हं."

"कधी सोडली त्याने?"

"कालच."

बस, एवढंच. पुढचं सगळं त्या 'हं'ने केलं. मंतशाने सरांना फोन केला. सर धावत आले, टाकीसमोर गुडघ्यावर बसले, त्यांचा चष्मा धुरकटला. चार दिवसांनी जळगावच्या पेपरात फोटो आला, जहांगीर आणि टाकी, मागे मंतशाची ओढणी. दुकानात माणसं येऊन हात मिळवून जायची. जहांगीर हात मिळवायचा आणि नंतर तो हात पँटला पुसायचा. अजून कोणी विचारलं तर तो थोडक्यात सांगायचा. लोक म्हणायचे, माणूस किती साधा आहे बघा, बढाई म्हणून मारत नाही.

सरांनी एकदा विचारलं, "आता परत कधी धरणार?"

जहांगीर घाबरला. पुन्हा धरली आणि पुन्हा गिळली तर सर विचारणार, मग मागच्या वेळी कशी टिकली? तो म्हणाला, "आता नाही सर. ईद झाल्यावर बघू. त्याला आराम देतोय."

आणि रमजान लागायच्या सुमारास रोजेदाराने अंडी धरली.

जहांगीरच्या लगेच लक्षात आलं. जबडा फुगलेला, खाणं बंद, कोपऱ्यात डोकं करून उभा. त्याने कोणाला सांगितलं नाही. दिवस जात होते आणि या वेळी मासा गिळत नव्हता. जहांगीर पहाटे सहरी करून नमाजला जाताना त्याच्याकडे बघायचा, दुकानातून आला की आधी त्याच्याकडे बघायचा. त्याच्या मनात एक हिशेब शिजत होता. ही पिल्लं निघाली की त्या छोट्या टाकीत गुपचूप सोडायची. मग कोणी विचारलं, ही तुमच्या घरची का, तर हो म्हणताना जीभ अडखळणार नाही. खोटं आपोआप खरं होऊन जाईल आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही. रोजा ठेवून माणूस असा विचार करत होता. अल्लाहकडे मागायचा तेही हेच, की एवढी एक वेळ निभावून ने.

मंतशाला दिसणार नाही असं होतं थोडंच? तिने विचारलं, "अब्बू, हा खात का नाहीये?"

"खाईल. नखरे करतोय."

"तोंडात अंडी तर नाहीत ना?"

हीच वेळ होती. नुसतं 'आहेत' म्हणायचं होतं, बाकी काही नाही. पण ते म्हटलं असतं तर संध्याकाळी सर टाकीसमोर असते, कॉलेजची पोरं असती, मोबाईल असते, आणि मासा बिथरला असता. असं त्याने स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की तो भ्यायला होता. "नाही," तो म्हणाला. "मी बघितलंय. नाहीत."

"नक्की?"

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

बापाने बघितलंय म्हटल्यावर विषय संपला.

रमजान सरत आला तेव्हा सर एक बेत घेऊन आले. कॉलेजातर्फे जहांगीरचा सत्कार करायचा. पण हॉल नको, भाषणं नकोत, आपण तुझ्याच घरी इफ्तारला येतो, तिथंच शाल घालतो आणि पिल्लंही बघतो. जहांगीरने हो-नाही केलं. सर म्हणाले, "बठ्ठा तुन्हं नाव लेतस भाऊ, सगळं गाव तुझं नाव घेतंय, आणि तू लाजतोस?" इफ्तारला येतो म्हणणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती.

त्या दिवशी दुपारी जहांगीर खजूर, टरबूज आणि बर्फ आणायला बाहेर पडला. निघताना त्याने टाकीवर पडदा ओढून घेतला. रोजेदाराचा जबडा आता इतका ताणला होता की कातडीतून आत काहीतरी चमकताना दिसायचं. चार-दोन दिवसांचाच प्रश्न होता. तो मनात म्हणाला, आजचं पार पडू दे, उद्यापासून घरात पाखरू फडकू देणार नाही.

बाजारात गर्दी होती. बर्फवाल्याकडे थांबावं लागलं. परत आला तेव्हा सलीमा स्वयंपाकघरात भजी तळायला बसली होती आणि बाहेरच्या खोलीत टाकीचा पडदा उघडा होता. मंतशा जमिनीवर बसली होती. तिच्या कोपरापर्यंत बाह्या ओल्या. समोर काचेचा बाऊल, शेजारी छोटी जाळी.

"अब्बू," ती म्हणाली, "याच्या तोंडात पिल्लं होती."

जहांगीरच्या हातातली बर्फाची पिशवी तशीच राहिली.

ती सांगू लागली, आणि सांगताना तिचा आवाज शाळेत उत्तर देताना असतो तसा सरळ होता. मासा तोंड आ करून धापा टाकत होता. पाहुणे येणार आणि हा मरणार असं तिला वाटलं. अंडी नाहीत हे तर अब्बूंनी बघितलं होतं. मग खाणं बंद, धाप, कोपऱ्यात उभा, म्हणजे कल्ल्यांना कीड. कल्ल्यांना कीड म्हणजे गोड्या पाण्याची आंघोळ. पाणी टाकीइतकंच थंड करून घेतलं, हलक्या हाताने जाळी लावली, बाऊलमध्ये सोडलं. सगळं तुम्ही शिकवलं तसं. आणि त्याने तोंड उघडलं.

जहांगीरने बाऊलमध्ये पाहिलं. तळाशी पिल्लं पडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, प्रत्येकाच्या अंगावर केसाएवढे पट्टे. पोटाखाली अंड्यातल्या बलकाचा पिवळा ठिपका अजून शिल्लक होता. एकही हलत नव्हतं. रोजेदार मोठ्या टाकीत परत गेला होता आणि दगडामागे आडवा होऊन श्वास घेत होता.

इथं बापाने काय करावं? पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, म्हणावं चूक माझी आहे. जहांगीर म्हणाला, "तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं?"

आणि मोठ्याने म्हणाला. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला.

मंतशा रडली नाही. ती म्हणाली, "मी ती मिठाच्या पाण्यात परत टाकायला बघितली. पण घाबरले ना, मला ती जाळीत धरता येईनात." मग तिने बाऊलमध्ये बोट घालून एक पिल्लू बोटाच्या टोकावर घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिची नजर छोट्या टाकीकडे गेली, तिथं ती पेपरात आलेली पिल्लं मजेत फिरत होती. पुन्हा बोटाकडे आली.

"जन्मतात तेव्हा एवढीशी असतात," ती म्हणाली.

जहांगीरने बर्फाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी नशिराबादहून आले, तेव्हा ती एवढी होती." तिने दुसऱ्या हाताचं नख दाखवलं, अंगठ्याचं. "तुम्ही म्हणाला होता, कालच सोडली."

त्याने मान खाली घातली. बर्फ वितळून त्याच्या पायावर ठिबकत होता. बारावीतल्या पोरीसमोर आपण उभे आहोत आणि आपल्याला वर बघवत नाही, हे त्याला कळत होतं, आणि तरी मान वर होईना.

सलीमा दारात आली होती. तिने बाऊल पाहिला, नवऱ्याला पाहिलं. "मला तर तेव्हाच वाटलं होतं," ती हळू म्हणाली. "मासा शिंकला तरी तुम्ही मला फोन करता. आणि पिल्लं झाली तर नाही केला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

तेवढ्यात खाली सरांची मोटरसायकल थांबली. सलीमाने बाऊल उचलून आत नेला. मंतशाने बाह्या सोडल्या, डोक्यावर ओढणी घेतली आणि जेवायचा दस्तरखान अंथरायला लागली.

सर आले, त्यांच्याबरोबर कॉलेजातले दोघे आणि शेजारचे रुपचंद नाना. नानांनी घरच्या झाडाचे चिक्कू आणले होते. सर दारातूनच म्हणाले, "कुठंय आपला समुद्र?" सगळे छोट्या टाकीसमोर बसले. अजानला थोडा वेळ होता, तर सरांनी शाल काढली आणि जहांगीरच्या खांद्यावर घातली. त्या उन्हाळ्यात ती लोकरीची शाल. नानांनी टाळ्या वाजवल्या. जहांगीरचं अंग घामाने भिजलं, पण शाल काढायचं त्याला धाडस झालं नाही.

"जहांगीर भाऊ तर काही सांगत नाही," सर म्हणाले. "मंतशा, तू सांग बेटा. तोंडातून कशी निघतात गं पिल्लं? तू पाहिलंस ना?"

मंतशा खजूर ताटलीत मांडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"हो सर, पाहिलं," ती म्हणाली. "त्याने आधी तोंड उघडलं आणि काहीच झालं नाही. मग मान झटकली. एक आलं. ते आधी तसंच राहिलं, मग सरळ झालं. मग सगळी एकदम आली. इतकी लहान असतात सर, पण पट्टे सगळे असतात. डोळे मोठे. पोटाखाली पिवळं असतं थोडं. तो नर त्यांच्याकडे वळून बघत होता. त्याला वाटत असेल, परत घ्यावीत."

"वा," सर म्हणाले. "आणि मग?"

"मग काय," मंतशा म्हणाली, "अब्बूंनी वाढवली."

सर गहिवरले. कॉलेजातला एकजण म्हणाला, पोरीने काय बारीक पाहिलंय, ही तर पुढची शास्त्रज्ञ. मंतशा हसली. ते हसू जहांगीरने ओळखलं. दुकानात कोणी हात मिळवला की तो स्वतः असंच हसायचा. त्याच्या पोरीने आज दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि रोजा सुटायच्या तोंडावर ती त्याच्यासाठी खोटं बोलली होती, आणि बोलली होती ते सगळं खरं होतं, फक्त शेवटचं सोडून. तिला हे कोणी शिकवलं, हे विचारायचं कामच नव्हतं.

मशिदीतून अजान आली. सगळ्यांनी खजूर उचलला. सरांनी, नानांनीही त्याच्याकडे बघून हातात धरला, यजमानाने आधी घ्यावा म्हणून सगळे थांबले. जहांगीरने खजूर ओठांपर्यंत नेला आणि परत ताटलीत ठेवला.

"सर," तो म्हणाला, "ही पिल्लं मी मुंबईहून विकत आणलेली आहेत."

कोणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं. मग थांबता येईना. "आमच्या माशाला आज पहिल्यांदा झाली. ती मेली. मंतशाने आत्ता सांगितलं ते त्या पिल्लांचं. मी तिला सांगितलं होतं तोंडात काही नाही, म्हणून तिने मासा औषधाला बाहेर काढला. तिची चूक नाही. माझं खोटं झाकायला मी तिला खोटं सांगितलं, आणि मघाशी ओरडलो पण तिच्यावरच."

नाना हातातल्या खजुराकडे बघत राहिले. सरांनी चष्मा काढला, तो पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरी चुकीच्या वेळी आलेल्या माणसासारखा झाला होता. मग ते म्हणाले, "नाही टिकली म्हणाला असतास तरी मी आलोच असतो रे."

जहांगीरने खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, घडी नीट बसेना म्हणून पुन्हा घातली, आणि सरांच्या समोर ठेवली. सरांनी ती घेतली नाही आणि परतही दिली नाही. त्याने मंतशाकडे बघायचा प्रयत्न केला. ती बापाकडे बघत नव्हती. तिने ताटली उचलली आणि हात लांब करून त्याच्यापुढे सरकवली.

"अब्बू, अजान होऊन गेली," ती म्हणाली. "रोजा सोडा. पाहुणे थांबलेत."